‘मुरका मारणे’ म्हणजे नक्की काय? आज हा शब्द वापरावा का?

मुरका म्हणजे बाईने नखऱ्याने, लाडिकपणे मान किंवा अंग वळवणे. लावणीत तो स्पष्ट दिसतो: नाचणारी पाठ फिरवून निघते, थबकते, खांद्यावरून मान वळवून तिरपा कटाक्ष टाकते आणि झटक्यात पुढे जाते. शब्द पुल्लिंगी: एक मुरका, अनेक मुरके. क्रियापद मुरकणे, ‘मुरकत चालली’ असं म्हणतात. दोन ठिकाणी हमखास गल्लत होते:

- नाक मुरडणे: यात नापसंती असते, लाडिकपणा नाही.
- मुरकी: गाण्यातली छोटी, जलद स्वरांची हरकत.

लावणीबद्दल किंवा जुन्या वळणाच्या कथेत खुशाल वापरा. ओळखीच्या बाईबद्दल मात्र नको, कारण ती मुद्दाम लक्ष वेधते असा ठपका त्यात येतो.