परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात एवढं काय आहे, आणि पहिल्यांदाच गाडी नेणाऱ्याने काय सांभाळावं?

परतवाडा सोडलं की संत्र्याचे बगिचे लागतात. तिथून तीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही सातशे मीटरच्या वर चढता, कारण चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आहे. पूर्णा नदीच्या सपाट काळ्या मातीतून गाविलगडच्या डोंगररांगेचा काळा पाषाण भिंतीसारखा उभा राहतो. त्यामुळे प्रत्येक वळणाला मागे वऱ्हाडचं मैदान आणखी पसरलेलं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये सागाला पांढरा फुलोरा येतो, तेव्हा या घाटासारखा रस्ता विदर्भात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला. त्यासाठी त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने अचलपूरकडून डोंगरातून किल्ल्याच्या उत्तर अंगाला जड तोफा नेल्या. वाट नव्हतीच. सैनिकांनी आधी ती केली आणि मग तोफा हातांनी ओढल्या. चार-पाच दिवस लागले. पुढे १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचं नाव झालं. कॉफीची लागवडही इंग्रजांच्याच काळातली.

जाताना धामणगाव गढी, मोथामार्गे चढा आणि उतरताना सलोना, घटांगमार्गे या. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी गर्दीमुळे एकेरी वाहतूक लावतात, म्हणून निघण्याआधी परतवाड्यातच चौकशी करा. पेट्रोलही तिथेच भरून घ्या.

खरी चूक उतरताना होते. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा पुरतो. न्यूट्रल करून गाडी सोडू नका. सारखा ब्रेक दाबून धरला की ब्रेकचे लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. जळका वास आला की रुंद जागा पाहून थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं ब्रेक आपोआप निवू द्या. त्यावर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. बिनगिअरच्या स्कूटरला हा धोका जास्त, कारण वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाची ओढ राहत नाही. तिचे दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत सोडत लावा.

धुक्यात डिपरच ठेवा. अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. वळणावर हॉर्न द्या आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. दरडीच्या कडेला गाडी लावून फोटो काढू नका, पावसात वरून दगड सुटतात.

सेमाडोहकडून यायचं असेल तर तो पट्टा मेळघाटच्या जंगलातला आहे. तिथून दिवसाउजेडीच निघा.