३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, तरी जागा नाही म्हणतो. काय करू?

आधी एक विनंती: फॉरमॅट मारू नका. ड्राइव्ह रिकामा नाहीये.

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात लावून आणल्यापासून आत एकच शॉर्टकट दिसतो, प्रॉपर्टीजमध्ये मात्र १८ जीबी भरलेले आहेत आणि लग्नाचा ५ जीबीचा व्हिडिओ काही केल्या आत जात नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

१८ जीबी भरलेले दिसतात, म्हणजे फायली बहुधा जागेवरच आहेत. शॉर्टकट व्हायरस सहसा त्या पुसत नाही, लपवतो. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक अजिबात करू नका. राइट क्लिक करून त्याचं टार्गेट बघा. तिथं सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट असं काही दिसलं की व्हायरस आहे हे ओळखायचं. आधी डिफेंडरने (विंडोजमधला अँटिव्हायरस) ड्राइव्ह स्कॅन करा, कॉम्प्युटरही करा. कॉम्प्युटर राहिला तर साफ केलेला ड्राइव्ह पुन्हा तसाच होतो.

मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा. ड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ई आणि कोलन टाइप करून एंटर. पुढे ॲट्रिब (दोन टी), वजा एच, वजा आर, वजा एस, स्लॅश एस, स्लॅश डी, स्टार डॉट स्टार. प्रत्येकाच्या मध्ये एक स्पेस, फक्त स्टार डॉट स्टार सलग. पुष्कळजण इथं नुसतं वजा एच देतात आणि काही होत नाही म्हणून सोडून देतात. फाइलवर सिस्टीमचा शिक्का असेल तर तो काढल्याशिवाय विंडोज लपवलेपणा काढू देत नाही, म्हणून वजा एच (लपवलेपणा) आणि वजा एस (सिस्टीम) दोन्ही एकाच वेळी द्यायचे. १८ जीबीला थोडा वेळ लागेल, खिडकी बंद करू नका.

आता एक बिननावाचं फोल्डर दिसण्याची शक्यता आहे. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा, कारण नाव म्हणून न दिसणारं अक्षर टाकलेलं असतं. तुमचा माल बहुतेक त्यातच असतो. तिथून ओळखीच्या फायली तेवढ्या कॉम्प्युटरवर घ्या. फोल्डरचं चित्र पण टाइपच्या रकान्यात ॲप्लिकेशन, असं काही असेल तर ते तिथंच राहू द्या. सगळं हाताशी आलं, दोन-चार फोटो उघडून बघितले, की मग खुशाल फॉरमॅट करा.

व्हिडिओचं कारण वेगळं. प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टीम (ड्राइव्हवर फायली साठवायची पद्धत) बघा, बहुतेक फॅट३२ असेल. त्यात एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह कोरा असला तरी ५ जीबीची फाइल बसणार नाही. म्हणून फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा. पण हाच ड्राइव्ह गाडीच्या टेपला किंवा उद्यमनगरात एखाद्या जुन्या सीएनसी मशीनला लावणार असाल तर फॅट३२च ठेवा. जुन्या यंत्रांना एक्सफॅट वाचता येईलच असं नाही. व्हिडिओसाठी मग दुसरा ड्राइव्ह घेतलेला बरा.

फॉरमॅटनंतर २९.८ जीबीच दिसेल. घाबरू नका. कंपनी ३२ अब्ज बाइट मोजते, विंडोज त्याला तीनदा १०२४ ने भागतं.

फायली पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर तो ड्राइव्ह मॅकला लावला होता का आठवा. मॅकवर पुसलेल्या फायली ड्राइव्हवरच ट्रॅशेस नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये पडून राहतात. मॅकला लावूनच ट्रॅश रिकामा करायचा.

आणि ड्राइव्ह फारच स्वस्तात मिळाला असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर एकदा चालवा. ते मोकळी जागा पूर्ण भरून परत वाचून बघतं. सेकंदाला १० एमबीने लिहिणाऱ्या ड्राइव्हला नुसतं भरायलाच जवळपास तास लागतो. नकली ड्राइव्ह ३२ सांगतो आणि आत ८ च असतात. त्यापुढच्या फायलींची नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. तसा निघाला तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, दुकानदाराला परत द्या.