जागा आहे, तरी फाइल जात नाही

प्रश्न : दारव्हा तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. 6 जीबीचा व्हिडिओ 32 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. फोटो मात्र जातात. पेनड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर : नाही, फेकू नका. अडचण जागेची नसून फॉरमॅटची, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या पद्धतीची (फाइल सिस्टमची) आहे. 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 मध्ये येतात. त्यात फाइलचा आकार 32 बिटांत नोंदवतात, म्हणून एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइल सिस्टमपुढे तेच दिसेल.

आधी आतला डेटा दुसरीकडे ठेवा, कारण ही पद्धत बदलताना, म्हणजे फॉरमॅट करताना, सगळं पुसलं जातं. मग राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टममध्ये ‘एक्सफॅट’ (यात 4 जीबीची अट नाही), क्विक फॉरमॅटवर खूण, स्टार्ट. मिनिटभरात होतं.

मात्र नवरीच्या घरचा टीव्ही जुना असेल तर तो एक्सफॅट वाचेलच असं नाही. अशा गिऱ्हाइकाला फॅट32च द्या आणि व्हिडिओ एक्सपोर्ट करतानाच हळद आणि लग्न असे दोन भाग पाडा, प्रत्येक साडेतीन जीबीच्या आत.

आणखी एक. कॉपी चालू असताना लाइन गेली, तर फाइलचं नाव दिसतं पण व्हिडिओ मध्येच थांबतो. ती फाइल पुसून पुन्हा कॉपी करा. कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढा, आणि शेवटची पाच मिनिटं चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका.