‘सगळे चांगले आहेत, मग मलाच उपरं का वाटतं?’

“मॅडम, तिथं कुणीच वाईट नाही. म्हणून तर सांगता येत नाही.”

समुपदेशनासाठी ती माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्या भेटीत तिने हे वाक्य तीनदा उच्चारलं. वय २६, मूळची हिंगोली जिल्ह्यातली. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागून १४ महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पगार वेळेवर, साहेब ओरडत नाहीत, वाढदिवसाला केक कापतात. तरी सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. “माझ्यातच काही कमी आहे का?” हा तिचा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न माझ्याकडे फार जण घेऊन येतात. नव्या सुना येतात, बदली होऊन आलेले शिक्षक येतात. उघड अन्याय झाला असेल तर माणूस भांडतो तरी. इथं बोट ठेवायला जागा नसते, मग ते बोट स्वतःकडे वळतं.

झोप, भूक, रडू येणं, जगणं नकोसं वाटतं का, हे आधी नीट विचारून घेतलं. गावी गेली की ती शांत झोपत होती, पोटभर जेवत होती. त्रास कामाच्या जागेशी बांधलेला होता. तरीही सुरुवातीला माझं चुकलंच. हा स्वभावातला बुजरेपणा आहे असं समजून मी म्हटलं, “तू पुढाकार घेऊन बघ.” तिने घेतला. घरची शेंगदाण्याची चटणी नेली, टीमच्या टेबलावर डबा उघडला. सगळ्यांनी चटणी खाल्ली, कौतुक केलं आणि रविवारच्या ट्रेकचं बोलणं पुढे चालू ठेवलं. तो ट्रेक एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरला होता आणि त्या ग्रुपमध्ये ती नव्हती. पुढच्या भेटीला ती आली ती आणखी मिटून.

तेव्हा मी तिला एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ तयार केला. दोन खेळाडू आपसातच चेंडू फेकत राहतात, तिसऱ्याकडे तो येईनासा होतो. समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगितलं तरी वगळलेल्याला लागतं, असं २००४ च्या अभ्यासात दिसलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी हळवी नाही.”

त्यानंतर मी तिला वही ठेवायला सांगितली. भावना लिहायच्या नाहीत, घडलेलं लिहायचं. आज कुणी माझं मत विचारलं का? मी सांगितलेलं पुढे पोचलं का? कामाची कुठली गोष्ट मला इतरांनंतर कळली? दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा तिसऱ्या प्रश्नाखाली जवळजवळ रोज नोंद होती. निर्णय मीटिंगमध्ये होतच नव्हते. ते गेटबाहेरच्या टपरीवर, चहा घेताना होत होते.

एका पानावर मात्र मी थांबले. एका लॉटमध्ये ड्रिलिंगनंतर भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, राहत होती. तिला ती दिसली होती, पण ती बोलली नाही. तीन दिवसांनी ग्राहकाकडून माल परत आला.

“का बोलली नाहीस?”

कारण वर्षभरापूर्वीचं होतं. भर मीटिंगमध्ये ती म्हणाली होती, “रिपोर्ट पाठवायले, सर.” म्हणजे ‘पाठवतेय’; मराठवाड्यातलं सरळ, रोजचं क्रियापद. सगळे हसले. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारायचं, “काय, पाठवायले का?” प्रेमानंच. तेव्हापासून ती मीटिंगमध्ये वाक्य मनात दोनदा जुळवायची, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

संघटनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये टीमच्या संदर्भात हेच मांडलं: इथं बोललं तर आपलं हसं होणार नाही, हा भरवसा असला तर माणसं चुका दाखवतात आणि टीम शिकते. माझ्यासमोर त्या भरवशाचा अभाव परत आलेल्या मालाच्या रूपात होता.

पाचव्या भेटीत तिने आणखी एक सांगितलं. नवीन आली तेव्हा नाव सांगितल्यावर लगेच विचारलं गेलं होतं, “पूर्ण नाव?” मग, “गावात तुमचं घर कुठल्या बाजूला?” असे प्रश्न कशाची चाचपणी करतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्याबाबतीत पुढे काही घडलं नाही. पण जातीवरून अपमान, लैंगिक छळ असं काही असेल तर ‘जुळवून घे’ हा सल्ला देणं गुन्ह्याला हातभार लावणं आहे. जातीवरच्या अपमानाविरुद्ध अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे.

साहेबांकडे काय मागायचं, याची आम्ही तालीम केली. ‘मला आपलं माना’ असं मागता येत नाही. तिने दोनच गोष्टी मागितल्या: चहावर काही ठरलं तर त्याच दिवशी मेलवर कळवावं, आणि सकाळी क्वालिटीचा मुद्दा आधी घ्यावा. साहेब चकित झाले. “तू गप्प असतेस, मला वाटलं तुला मिसळायला आवडत नाही.” दोन्ही गोष्टी त्यांनी लगेच केल्या. चिडवणाऱ्या सहकाऱ्याशी ती स्वतः बोलली. तो म्हणाला, “अगं, प्रेमानं म्हणतो.” ती म्हणाली, “माहीत आहे. तरी थांबव.” तो थांबला.

हे वाचणाऱ्या साहेब-मॅडमना एक विनंती. ‘तुम्ही इथे समाधानी आहात का?’ या वार्षिक प्रश्नावर विसंबू नका. टीममध्ये दोनच बायका असतील तर निनावी फॉर्म निनावी राहत नाही, आणि सरासरीत तर त्या दोघी दिसतही नाहीत. त्यापेक्षा विचारा: चूक झाली तर आधी कुणाला सांगता? तुमच्या सूचनेवरून शेवटचं काय बदललं? वर्षाच्या आत सोडून गेलेल्यांना फोन करा. कँटीनमध्ये उभे राहा. कंत्राटी कामगारांच्या गणवेशाचा रंग वेगळा असेल तर ते कुणासोबत जेवतात, बघा. मीटिंगमध्ये सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्या, आणि तो बोलत असताना कोण हसतंय याकडे लक्ष ठेवा.

ती अजून टीमच्या टेबलावर जेवत नाही. स्टोअरमधल्या दोघींसोबत जेवते आणि तिथं तिला बरं वाटतं. ट्रेकच्या ग्रुपमध्ये अजून नाही. शेवटच्या भेटीत मध्येच लाइनवरून फोन आला. खुर्चीतून उठत ती म्हणाली, “लॉट सोडू नका, थांबा. मी यायले.” आणि मला हात करून गेलीसुद्धा.