दोन डोंगर, मधे सूर्य: सगळ्या वर्गाचं चित्र एकच का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरज तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, ३२ मुलं. चित्र काढा म्हटलं की ३२ वह्यांत दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि झोपडी. निबंध गाईडमधले. मुलांना स्वतःचं सुचावं म्हणून काय करायचं?

मॅडम, त्यांना सुचत नाही असं नाही. 'मनाने काढा' म्हटलं की चुकायची भीती वाटते आणि हात पाठ असलेल्या चित्राकडे वळतो. म्हणून विषय मोकळा सोडू नका, उलट आवळा. समोर खरी वस्तू ठेवा आणि ती प्रत्येकाची वेगळी असू द्या.

तुमच्याकडे सगळ्यात सोपं म्हणजे हळकुंड. पॉलिश न केलेलं मिळालं तर उत्तम, कारण त्यावर कड्या आणि मुळांच्या खुणा शाबूत असतात. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खाली: फक्त बघायचं, चाचपायचं, वास घ्यायचा. मग वीस मिनिटांत पानभर मोठं चित्र. खोडरबर दप्तरात. तो हाताशी असला की मूल एकच रेघ खोडत तास घालवतं. रेघ चुकली तर तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची. शेवटी आठ-आठ जणांच्या गटात हळकुंडं एकत्र मिसळा, चित्रांची अदलाबदल करा आणि चित्र बघून नेमकं हळकुंड शोधायला सांगा. सापडलं की चित्र जमलं. सुंदर कुणाचं, ही चढाओढच उरत नाही. आणि फळ्यावर नमुना काढू नका, 'नुसतं समजावं म्हणून'सुद्धा नाही. तुमचं हळकुंड फळ्यावर आलं की ३२ वह्यांत तेच उतरणार.

पुढच्या आठवड्यात त्याच हळदीचा रंग करा. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा हळद कालवून जाड कागदावर फासा आणि पूर्ण वाळू द्या. मग लिंबाचा रस, मिठाचं पाणी आणि कपड्याच्या साबणाचं पाणी अशा तीन वाट्या ठेवा. कशाने काय होईल याचा अंदाज आधी प्रत्येकाने लिहायचा, मगच काडीला कापूस गुंडाळून रेघ ओढायची. साबणाची रेघ लालसर होते, त्यावर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी. अंगाचे काही साबण सौम्य असतात, त्यांनी रंग बदलत नाही. वहीचा पातळ कागद ओला होऊन फाटतो, तोही टाळा. चुन्यानेही रंग येतो, पण तो डोळ्यात गेला तर इजा होते. मुलांच्या हाती देऊ नका.

निबंधालाही हीच युक्ती. 'माझी आई' दिलंत की 'माझी आई खूप प्रेमळ आहे' येणारच. त्याऐवजी 'आईच्या हातात सकाळी सगळ्यात जास्त वेळ असणारी वस्तू' द्या. आठच ओळी, आणि 'छान', 'सुंदर', 'प्रेमळ' हे शब्द बंद. कुणी विळा लिहील, कुणी मोबाईल, कुणी शिलाई मशीनचं चाक. शुद्धलेखन त्याच बैठकीत तपासू नका. लाल पेन दिसलं की मूल फक्त लिहिता येणारे शब्द वापरतं आणि 'खुरपं'ऐवजी 'वस्तू' लिहून मोकळं होतं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, पेन्सिलने.

गुणांची काळजी असेल तर कला विषयाचं मूल्यमापन आकारिकच आहे, म्हणजे वर्षभर वर्गात केलेल्या कामावरून; लेखी परीक्षा नाही. वर्णनात्मक नोंदीत 'चित्रकलेत रुची आहे' असं सगळ्यांना सारखं लिहू नका. 'हळकुंडाचं तुटलेलं टोक न विसरता दाखवलं' असं त्या मुलापुरतं लिहा आणि वहीवरही तेच लिहा. नुसतं 'छान' लिहिलं तर पुढच्या वेळी नेमकं काय पुन्हा करायचं हे त्याला कळत नाही. भिंतीवर लावायची तर सगळी ३२ चित्रं लावा. निवडक पाच लावलीत की पुढच्या तासाला बाकीचे २७ त्या पाचांचीच नक्कल करतील.

आठवड्याला एक तास पुरतो. पहिले दोन-तीन तास वर्गात गोंगाट होईल आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं चालूच राहील. तेव्हा रागावू नका, त्या मुलाच्या हातातलं हळकुंड फक्त उलटं करून द्या.