‘पुराना मंदिर’ पुन्हा बघायचा? आधी प्रिंट बदला

नाशिकच्या सिडकोतल्या एका मित्राने विचारलंय: काकांच्या कपाटात ‘पुराना मंदिर’ या रामसे बंधूंच्या भयपटाची व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) सापडली, लावून बघितली, पण भीती सोडाच, पडद्यावर काय चाललंय तेच कळेना. मग या चित्रपटाचं एवढं नाव कशामुळे, आणि तो पुन्हा बघण्यात अर्थ आहे का?

आहे. जरूर बघा, फक्त त्या व्हीसीडीवर बघू नका.

रामसे बंधूंचे चित्रपट अंधार, धुकं आणि रंगीत दिवे यांवर उभे असतात, आणि व्हीसीडीला नेमकं हेच झेपत नाही. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, त्यात सव्वादोन तासांहून मोठा चित्रपट दोन तबकड्यांत कोंबायचा. हे चित्र बारीक चौकोनांत विभागून साठवतात. माणूस भिंतीपुढे उभा राहून बोलत असेल तर भिंत बदलत नाही, तेवढ्यावर निभतं. धूर मात्र क्षणोक्षणी सगळीकडे हलत असतो. तिथे ते चौकोन उघडे पडतात आणि काळोखातल्या छटा एकमेकींत मिसळून नुसता काळा-निळा चिखल उरतो.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. राजा हरिमानसिंहाचा लवाजमा रात्री जुन्या मंदिराजवळ अडतो आणि राजकन्या सामरी या सैतानाच्या तावडीत सापडते. चांगल्या प्रिंटमध्ये धुक्याच्या मागे निळा उजेड ठेवलाय हे स्पष्ट दिसतं. त्यामुळे झाडं, दगड, माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी असल्याचं जाणवतं, आणि त्या मधल्या रिकाम्या जागेतून कुणीतरी येईल ही धास्ती बसते. व्हीसीडीवर ते अंतरच नाहीसं होतं. पुढे सामरीचं मुंडकं धडावेगळं करून दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवतात, मरण्याआधी तो राजघराण्यातल्या बायकांना शाप देतो, आणि दोनशे वर्षांनी वारस घराण्याच्या जुन्या हवेलीत जातात. कथा एवढीच. ती ऐकायला साधी आहे. तिला वजन येतं ते उजेडामुळे.

त्या उजेडामागचा माणूस म्हणजे गंगू रामसे, छायालेखक. सात भावांनी कामं वाटून घेतली होती: कुमार लेखन, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. वडील एफ. यू. रामसे फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान चालवायचे. मुलांना कुठल्या फिल्म संस्थेत न घालता त्यांनी काश्मीरला नेलं, हाउसबोटीवर ठेवलं आणि ‘द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ या पुस्तकावरून धडे गिरवायला लावले. १९७२ चा ‘दो गज़ जमीन के नीचे’ या कुटुंबाने महाबळेश्वरला मुक्काम ठोकून तुटपुंज्या पैशांत काढला, आणि १९८४ चा ‘पुराना मंदिर’ त्या वर्षी जोरात चालला.

नाशिककरांना हे सांगताना मला फाळक्यांची आठवण होतेच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस नाशकात बिऱ्हाड आणि स्टुडिओ एकत्रच मांडून बसला होता. बायको सरस्वतीबाई पडद्यामागची कामं करायच्या, आणि ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. दोघांच्या विषयांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घरच्यांना हाताशी धरून पडद्यावर चमत्कार उभा करण्याची जिद्द मला एकाच जातीची वाटते. रामसेंना स्वस्तातले म्हणून हिणवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. जगदीपचा ‘शोले’च्या नकलेचा भाग लांबतो आणि भीतीची बांधलेली गाठ सोडून टाकतो. बायकांच्या अंगावर कॅमेरा रेंगाळतो ते तिकीट खपवण्यासाठीच, आणि आज ते बघवत नाही. नायक म्हणून मोहनीश बहल कच्चा वाटतो. पण सदाशिव अमरापूरकर बघा. ‘अर्धसत्य’नंतर वर्षभरातच नगरचा हा नट इथे आहे आणि चित्रपट हलका मानून त्याने काम केलेलं नाही. सामरी झालेले अजय अग्रवाल मूळचे रुडकीत शिकलेले इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांनीच निम्मं काम होतं.

काकांना त्या काळी खरोखर भीती वाटली असेल तर त्यात नवल नाही. टॉकीजमध्ये त्यांनी ३५ एमएमची प्रिंट पाहिली असणार. व्हीसीआर भाड्याने आणून गल्लीत रात्रभर कॅसेटी चालायच्या, तेव्हाही घासलेली टेप लहान टीव्हीवर खपून जायची. तेच चित्र आजच्या पंचेचाळीस इंची पडद्यावर ताणलं की उघडं पडतं.

परदेशातल्या मोंडो मकाब्रो या कंपनीने रामसेंचे चित्रपट आधी डीव्हीडीवर आणि पुढे ब्लू-रेवर काढलेत, त्यात ‘पुराना मंदिर’ आहे. मागवण्याआधी रीजन, म्हणजे तबकडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा संकेत, तपासा: डीव्हीडीसाठी भारत ५ आणि अमेरिका १, ब्लू-रेसाठी भारत सी आणि अमेरिका ए. प्लेअर सगळे रीजन चालवणारा नसेल तर पैसे पाण्यात जातील. यूट्यूबवरच्या बहुतेक प्रती जुन्या टेपवरून उचललेल्या दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

टीव्हीवर पिक्चर मोड ‘मूव्ही’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. चित्र पडदाभर ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. खोलीतले दिवे घालवा. आवाज थोडा मोठा ठेवा, कारण दाराची करकर आणि घुमणारी हाक यांवर किरण रामसेंनी मेहनत घेतलीय. जगदीपचा भाग पुढे ढकललात तरी कथेचा धागा तुटत नाही.

हा आवडला तर लगेच ‘बंद दरवाजा’ (१९९०) बघा. त्यातही अजय अग्रवालच आहेत, रक्तपिपासू नेवलाच्या भूमिकेत.