पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या टप्प्यात अडकलाय, मुदत जवळ आलीय. काम संपवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विट्याला तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवता, २०२१ ला शिवाजी विद्यापीठात नोंदणी झाली, विषय सांगली जिल्ह्यातले हळद उत्पादक आणि हळदीचा बाजार, अभ्यासकाळ २०१०-११ ते २०१९-२०. सहापैकी चार प्रकरणं कच्ची लिहून तयार आहेत, पण मार्गदर्शक सर दर भेटीत काहीतरी नवं सुचवतात आणि काम संपायचं सोडून वाढतच चाललंय. मी सांगलीत अर्थशास्त्रच शिकवते, माझा प्रबंध तासगावच्या बेदाण्यावर होता. तुमची घालमेल मला नीट समजतेय.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं की अडचण लेखनाची कमी आणि गोळा करत राहण्याची जास्त आहे. तेव्हा आधी साहित्य गोळा करणं पूर्ण थांबवा. नवी मुलाखत नको, नवी आकडेवारी नको. २०२३ मध्ये हळदीचे दर एकदम चढले, तेव्हा 'तेवढं घेऊनच टाकू' असं वाटणारच. मार्केट यार्डात कुणाशीही बोला, विषय तिथेच जातो. पण ती वर्षं घेतलीत की तक्ते बदलणार, सरासऱ्या बदलणार, चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार. विद्यापीठाने मान्य केलेल्या तुमच्या संशोधन आराखड्यात अभ्यासकाळ २०१९-२० ला संपतो, तिथेच थांबण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०२३ ची तेजी 'पुढील संशोधनासाठी दिशा' या भागात चार ओळींत लिहा आणि सोडून द्या.

मग एक मोठा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: उद्दिष्ट, त्याचं उत्तर देणारा तक्ता, निष्कर्ष. उद्दिष्टं आराखड्यातल्याच शब्दांत उतरवा. एखाद्या उद्दिष्टापुढे तक्ताच नसेल तर काम तिथे बाकी आहे. एखाद्या तक्त्याला उद्दिष्टच नसेल, तर तो कितीही मेहनतीने केलेला असला तरी परिशिष्टात टाका. गृहीतकांचंही असंच करा. बहिस्थ परीक्षक बहुधा उद्दिष्टं आणि शेवटचं प्रकरण शेजारी ठेवून वाचतात, आणि त्यांचे निम्मे प्रश्न त्या दोहोंमधल्या फटीतून येतात.

निष्कर्ष कसा तपासायचा ते तुमच्याच विषयावरून सांगते. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं २०१८ ला. तुमच्या कच्च्या निष्कर्षात 'मानांकनामुळे हळदीच्या दरात वाढ झाली' असं वाक्य आहे, ते टिकणार नाही. मानांकनानंतर तुमच्या अभ्यासकाळाची जेमतेम दोन वर्षं उरतात आणि त्यातच ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर येतो. शिवाय दर आवकेवर, शिल्लक साठ्यावर, निजामाबाद-इरोडसारख्या हळदीच्या मोठ्या बाजारांवर हलतो. यातलं मानांकनाचं नेमकं किती, हे दोन वर्षांच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. परीक्षक पहिला प्रश्न याच्यावरच विचारतील. त्याऐवजी प्रश्नावलीत मानांकनाबद्दल काही विचारलं असेल, तर नमुन्यातल्या किती उत्पादकांना त्याची माहिती होती, माल विकताना त्याचा उपयोग कुणी केला का, एवढंच लिहा. वाक्य लहान होईल, पण त्याच्या मागे तुमचा स्वतःचा तक्ता उभा असेल. माझ्या मते पीएच.डी.चं खरं शिक्षण याच कामात आहे, म्हणून इथे वेळ घालवायला कचरू नका.

लिहिण्याचा क्रम उलटा ठेवा: आधी निष्कर्षांचं कच्चं टिपण, मग विश्लेषणाची प्रकरणं, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. साहित्याच्या आढाव्यात जे संदर्भ पुढे कुठेच वापरले नाहीत ते काढून टाका, पानं कमी झाली तरी चालतील.

आता सरांबद्दल. मार्गदर्शक सुचवत राहतात, कारण त्यांच्यासमोर प्रत्येक वेळी सुटा तुकडा जातो आणि पूर्ण चित्र दिसत नाही. त्यांना पूर्ण प्रकरण छापून द्या आणि वर एक पान लावा: यात कोणत्या उद्दिष्टाचं उत्तर आहे, मागच्या वेळच्या कोणत्या सूचना केल्या, आणि मला नेमकं कशावर मत हवंय. भेटीनंतर त्याच संध्याकाळी 'सर, आज एवढं ठरलं' असा छोटा मेल पाठवा. नवी सूचना आलीच तर तो तीन रकान्यांचा कागद पुढे करून विचारा, "सर, हे कोणत्या उद्दिष्टाखाली घेऊ?" यात उद्धटपणा काही नाही. बऱ्याचदा सरच म्हणतात, राहू दे, पेपरमध्ये घ्या.

नियमांचं आत्ताच पाहून ठेवा. तुमची नोंदणी नोव्हेंबर २०२२ च्या आधीची, म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१६ चे नियम लागू. त्यात कमाल मुदत ६ वर्षांची आहे आणि महिलांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित झालेला असावा लागतो आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचलेले असावे लागतात. '२०२२ पासून पेपरची अट गेली' हे कुणाकडून तरी ऐकून निर्धास्त राहू नका, ते नव्या नोंदणीवाल्यांसाठी. मुदतवाढ लागेल अशी शंका जरी असली तरी अर्ज मुदत संपायच्या आत द्या आणि पोच घ्या.

साम्य तपासणीची, म्हणजे प्रबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे पाहण्याची, भीती फार पसरलेली आहे. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यायला सांगतात, त्याला जास्तीत जास्त ६ महिने मिळतात. ४० च्या पुढे सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत. स्वतःचा छापलेला पेपर प्रकरणात जसाच्या तसा चिकटवला असेल तर तोही साम्यात दिसू शकतो, म्हणून तिथे पेपरचा उल्लेख हवाच.

टायपिंगचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची दोन प्रकरणं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, आहेत म्हणालात. सगळं आत्ताच युनिकोडमध्ये आणा, सादरीकरणाच्या आठवड्यात नको. रूपांतरात रफार हमखास घसरतो, आणि अर्थशास्त्राच्या प्रबंधात रफाराचे शब्द पानोपानी असतात: खर्च, वर्ष, मार्केट, सर्वेक्षण. हे शब्द एकेक करून फाइलमध्ये शोधा, जिथे सापडायला हवेत तिथे सापडले नाहीत तर ती जागा बिघडली आहे असं समजा. तक्त्यातले दशांशचिन्ह आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहा. हे काम मैत्रिणीला जवळ बसवून करा, एकीने वाचायचं आणि दुसरीने पाहायचं. प्रकरणांच्या मथळ्यांना वर्डमधल्या हेडिंग स्टाइल्स द्या, म्हणजे अनुक्रमणिकेची पानं हाताने बदलत बसावं लागणार नाही.

भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर ठेवा, आणि फाइल्स घराबाहेरही एका जागी, ड्राइव्हवर किंवा मेलमध्ये. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयातली पुस्तकं भिजून गेली हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तासिका तत्त्वावर असल्यामुळे सुट्टीत मानधन नसतं आणि टर्ममध्ये वेळ नसतो, ही ओढाताण खरी आहे आणि मला तिचा रागही येतो. पण दिवाळीची सुट्टी विश्लेषणाच्या प्रकरणासाठी राखून ठेवा, कारण त्याला सलग डोकं लागतं. संदर्भसूची, तक्त्यांचे क्रमांक, शुद्धलेखन हे टर्ममध्ये दोन तासांच्या मधल्या वेळातही होतं.

प्रबंधाआधीचं सादरीकरण लवकरात लवकर लावून घ्या. तिथे आलेल्या सूचना प्रबंधात घ्याव्या लागतात, म्हणून बांधणीला टाकण्याची घाई त्याआधी करू नका. प्रबंध दिल्यावर तो किमान दोन बहिस्थ परीक्षकांकडे जातो, मग मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा. २०१६ च्या नियमांत ही सगळी प्रक्रिया सादर केल्यापासून ६ महिन्यांत पुरी व्हावी असं म्हटलंय, तेव्हा दोनेक महिन्यांनी विभागात लेखी चौकशी करायला संकोच करू नका. तोपर्यंत परीक्षकांना लागणारा कागद तुमच्याकडे तयारच असेल, तोच तीन रकान्यांचा. मौखिकीला मी तो सोबत नेला होता, तुम्हीही न्या.